आधी पत्रा, मग इंजिन

जुनी कॉन्टेसा बघायला गेलात की इंजिनाचा आवाज ऐकायची घाई करू नका. विकणाऱ्याला तेच हवं असतं. तुम्ही फाटकातून आत येईपर्यंत गाडी सुरू करून ठेवलेली असते आणि "इंजिन मक्खन आहे भाऊ" हे वाक्य नमस्काराच्या आधी कानावर पडतं. मी बोनेटवर हात टेकवून बघतो. गरम लागलं तर चहा घेतो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो आणि उद्या सकाळी येतो म्हणून निघतो. तोवर सेल्फ मारू नका, एवढंच सांगून ठेवतो. इंजिनाची खरी तब्येत कळते ती रात्रभर थंड पडल्यावर.

आणि खरं सांगायचं तर, इंजिनाचं मला फारसं वाटतही नाही.

अमेरिकेत मसल कार म्हटलं की १९६४ च्या पाँटियाक जीटीओचं नाव निघतं. ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन आणि ३२५ हॉर्सपॉवर. जुन्या परदेशी गाड्या आणण्यावर आपल्याकडे इतकी वर्षं इतकी बंधनं होती की तसलं काही नागपूरच्या वर्धा रोडवर धावताना दिसायचा प्रश्नच नव्हता. आपली हौस भागली ती कॉन्टेसावर. लांब बोनेट, रुंद पाठ, जोर मागच्या चाकांना. मूळची ती इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर. तिचे साचे हिंदुस्थान मोटर्सने घेतले आणि १९८४ पासून ती उत्तरपाड्याच्या कारखान्यातून विक्रीला आली. अंगापिंडाने पैलवान, पण बोनेटखाली अँबेसडरचंच दीड लिटरचं इंजिन आणि जेमतेम ५० हॉर्सपॉवर. ऐंशीचं दशक संपता संपता इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे ८८ हॉर्सपॉवर मिळाली. हिवाळी अधिवेशनात विधानभवनासमोर पांढऱ्या अँबेसडरच्या रांगेत एखादी कॉन्टेसा उभी असली की आम्ही पोरं सायकल थांबवून बघायचो. २००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

आता मुद्दा असा, की दीड लिटरचं इंजिन अँबेसडरचं आणि इसुझूचं १.८ लिटरचं इंजिनही पुढे अँबेसडरमध्ये बसलं. अँबेसडर २०१४ पर्यंत बनत होती. म्हणजे रिंग-पिस्टन, गॅस्केट, कार्बोरेटरचं किट आजही शोधलं तर सापडतं, आणि ते बसवणारे जुने मिस्त्रीही आहेत. पण कॉन्टेसाचं मडगार्ड, तिच्या मागच्या दिव्यांच्या काचा, दारांचं रबर हे अँबेसडरचं चालत नाही, आणि नवीन कुणी बनवत नाही. त्यात या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा. तो खालून पोकळ झाला असेल तर वर कितीही चकचकीत रंग मारा, दार नीट लागणार नाही आणि चाकं सरळ धावणार नाहीत. म्हणून मी पत्रा विकत घेतो. इंजिन त्याच्यासोबत येतं.

मित्राचा मुलगा मिहानमध्ये नोकरीला लागला, दोन वर्षं पगार साठवला आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, "काका, मला कॉन्टेसा घ्यायची आहे, तुम्ही चला." गाडी होती बजाजनगरमध्ये, एका बंगल्याच्या पोर्चमध्ये. मालक गेलेले, मुलगा पुण्यात, घरी एकट्या काकू. माहिती द्यायला त्यांचा पुतण्या हजर होता. मक्खनवाला तोच. काकू दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "ह्यांनी कोणाला हात लावू दिला नाही गाडीला." असं वाक्य ऐकलं की दोन शक्यता असतात. खरोखर जपलेली गाडी, नाहीतर वर्षानुवर्षं नुसती उभी गाडी. बहुतेक वेळा दोन्ही.

माझ्या खिशात फ्रिजच्या दारावरचं एक चुंबक असतं, मऊ कापडात गुंडाळलेलं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळतं, पण घरमालकिणीसमोर यंत्र काढलं की वातावरण बिघडतं. दारांवर चुंबक घट्ट चिकटलं. बोनेटवर, छतावरही. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर ठेवलं आणि ते घरंगळत खाली आलं. बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिलं. दारावर टणटण आणि इथे बद्द. आत पुट्टी, तीही बोटभर जाडीची. पोरगं घाबरलं. मी त्याला म्हटलं, थांब, ही जागा ठोकून घेतलेली आहे, सडलेली नाही. कधीतरी फाटकाला घासली असणार. आतल्या बाजूने हात घातला तर पत्रा दबलेला पण शाबूत होता. सडका पत्रा बोटाला खडबडीत, पापुद्रे सुटल्यासारखा लागतो.

जुन्या गाडीच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान, असं सगळे म्हणतात. खारी हवा नाही, त्यामुळे गंज नाही. हे अर्धंच खरं आहे. मुंबईची गाडी खालून सडते, नागपूरची वरून. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की काचेभोवतीचं रबर भाजून निघतं, आखडतं, त्याला चिरा पडतात. मग जून-जुलैत त्या चिरांतून पाणी आत झिरपतं, डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि गालिच्याखाली साचून राहतं. वरून सगळं कोरडं दिसतं. म्हणून गाडीखाली झोपण्याआधी मी पुढच्या सीटसमोरचा गालिचा उचलतो. इथे उचलला तेव्हा कुबट वास आला आणि ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढा तांबडा डाग दिसला. पेचकसाच्या टोकाने दाबून पाहिलं. टोक आत गेलं नाही. वरवरचा गंज होता, घासून रंग दिला की थांबेल. डिकीत स्टेपनीखालची खाच, जॅक लावायच्या जागा आणि दाराखालचे पट्टे याच पद्धतीने तपासले. हे करताना पुतण्या सारखा घड्याळ बघत होता.

मग सेल्फ. सुरू होताच मागे निळसर धुराचा एक झोत निघाला आणि पाच-दहा सेकंदांत विरला. म्हणजे व्हॉल्व्हची सील वाळली आहेत, स्वस्तातलं काम. हाच निळा धूर चढावर, इंजिनावर जोर आल्यावर येत राहिला तर रिंगा गेल्या. पांढरा धूर थांबेचना आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. रेडिएटरच्या झाकणाखाली तेलाचा तवंग नव्हता. आम्ही गाडी घेऊन सेमिनरी हिल्सच्या चढावर गेलो, वर पोचेपर्यंत आरसा स्वच्छ. परतताना मुद्दाम व्हरायटी चौकातून आलो, भर दुपारी. या गाडीची तिथल्या सिग्नलला जेवढी परीक्षा होते तेवढी हायवेवर होत नाही. तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला. गिअर सोडताना मागून 'टक' असा आवाज येत होता. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस सैल झाला असणार.

कागदांचं प्रकरण लांबलं. गाडी मालकांच्या नावावर, आणि मालक हयात नाहीत. मग आधी फॉर्म ३१ भरून ती काकूंच्या नावावर करायची, त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० भरून मित्राच्या मुलाच्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं. इथे ते राहून गेलेलं. आरसीवर इंधन पेट्रोल आणि बोनेटखालीही पेट्रोलच, हे मी मुद्दाम पाहिलं. अनेक कॉन्टेसांमध्ये मालकांनी परस्पर डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि कागदावर त्याचा पत्ताच नाही. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलने घासून छाप घेतली, आरसीशी आकडा आकडा जुळवला. मुलाने विचारलं, व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का? नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते. अगदी पहिल्या कॉन्टेसालाही २०३४ उजाडेल.

किंमत ठरवायला बसलो तेव्हा मुलगा पुट्टी, क्रॉस, रबर असा हिशेब मांडून पैसे कमी करायला निघाला. काकू ऐकत होत्या. मग उठून आत गेल्या आणि बाटाच्या बुटांचा एक खोका घेऊन आल्या. "हे पण तुमच्याकडेच असू द्या, मी काय करणार ह्याचं." खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मागच्या दिव्यांच्या दोन काचा, न वापरलेल्या. दाराची एक मूठ. बंपरचे रबरी ठोकळे. पोरगं पुढे बोलणार होतं, मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. काकूंनी सांगितलेल्या किमतीत व्यवहार झाला. पुतण्या मात्र नाराज दिसला; खोक्यात काय होतं ते त्याला माहीत असावं.

फॉर्म ३१ चं काम आता चालू आहे. मुलाला इंजिन आधी खोलायचंय, मित्रांना आवाज ऐकवायचाय. मी त्याला पुढच्या काचेच्या रबरासाठी पैसे बाजूला ठेवायला लावलेत. मीटरवर मिळणारं रबर कापून बसवणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि मृगाआधी ते काम उरकायला हवं.