वरचा मजला

जळगावात महाबळ भागात आमचं बैठं घर आहे. यांच्या निवृत्तीचे पैसे आले, तेव्हा ते बँकेत ठेवावेत असं यांचं म्हणणं होतं. वर मजला चढवून भाड्याने द्यावा असं माझं. खर्च आणि भाडं कागदावर मांडलं, तर मुदत ठेवच सरस दिसत होती. तरी मी ठाम राहिले. व्याज ठरलेलं असतं, भाडं वर्षागणिक थोडं थोडं वाढतं. शिवाय जागा आपलीच होती. कर्ज काढून भाड्यासाठी फ्लॅट घ्यायचा असता, तर मीच नको म्हटलं असतं. आमच्याकडच्या भाड्यात बँकेचा हप्ता निघत नाही.

माझं माहेर धुळ्याचं, देवपूरचं. कॉलेजांमुळे तिथे घरोघरी साक्री-शिरपूरकडची मुलं राहायची. वडील कधी कागद करत नसत. मुलाचे वडील येऊन शब्द देत, तेवढा पुरे. पण नळ आला की आधी पोरांचा हौद भरायचा, मग घरचा, हा त्यांचा नेम होता. खान्देशात घरमालकाची पारख पाण्यावर होते, हे मी तिथेच शिकले.

म्हणून मजल्याचा आराखडा करतानाच पाण्याचा विचार केला. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण नळ रोज येत नाही. जमिनीखालची टाकी मोठी केली आणि गच्चीवर भाडेकरूसाठी वेगळी टाकी बसवली. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, त्यामुळे गच्चीला पांढरा रंग दिला आणि खिडकीत कूलरची सोय केली. विजेचं मीटर महावितरणकडून स्वतंत्र घेतलं. बिलावरून वाद व्हायला जागाच ठेवली नाही.

पहिलं जोडपं आलं ते एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाचं. सात हजार भाडं आणि वीस हजार अनामत ठरली. मी नोंदणीकृत कराराचं बोलले, तेव्हा तो संकोचून म्हणाला, "काकू, आमच्यावर भरवसा नाही का?" मी त्याला समोर बसवून सांगितलं, "दादा, हा कागद तुझ्याही कामाचा आहे. अनामत किती दिली, परत कधी मिळणार, सगळं त्यात येईल."

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज अजून सर्रास आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का. आमचं दोनशेच्या आत बसलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. आधार क्रमांक आणि अंगठ्याचे ठसे घेऊन घरबसल्या काम झालं. पोलिस ठाण्यातही माहिती दिली.

दर महिन्याला मी पावती देते. कायद्याने ती द्यावीच लागते. भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडणं हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे. वाचलं तेव्हा वडिलांची आठवण झाली. कलम माहीत नसताना ते त्याच्याही पुढे जाऊन वागत होते.

आलेलं सगळं भाडं खर्चायचं नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं. वर्षाला एका महिन्याचं भाडं दुरुस्तीसाठी बाजूला काढते: मोटर, नळ, गच्चीची गळती. प्राप्तिकराच्या विवरणात भाडं दाखवते. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

कॉलनीतल्या बायका विचारतात, आम्हीही मजला चढवावा का? मी म्हणते, जरूर चढवा, पण आधी टाकीचा खर्च धरा आणि करार नोंदवा. या दोन गोष्टी जमत असतील, तरच "घर भाड्याने देणे आहे" ही पाटी लावा.