फवारणीआधी निदान

मे-जूनमध्ये मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या हाती तेथील बाग आपसूक येते. तलवारीसारख्या पानांचा, जांभळ्या फुलांचा आयरिस त्या दिवसांत अंगणोअंगणी दिसतो. बहर सरला आणि पाऊस लागून राहिला, की पानांवर ठिपके उमटतात व घरातील कोणीतरी फवारणीचे औषध आणायला निघते. माझी विनंती एवढीच, की औषधाआधी निदान करावे. सर्दीवर प्रतिजैविक मागणारे रुग्ण मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. बागेतही प्रकार निराळा नाही.

पानाच्या वरच्या भागात पिवळसर कडेचे लहान तपकिरी ठिपके असतील आणि वाढताना ते मध्यभागी राखाडी होत असतील, तर तो बहुधा बुरशीचा करपा. त्याने रोप सहसा मरत नाही, परंतु पाने अकाली वाळून कंद अशक्त होतो. डागाळलेली पाने कापून कचऱ्यात टाकावीत, कारण ही बुरशी जुन्या पानांतच हिवाळा काढते. पाणी मुळाशी द्यावे. बुरशीनाशक निरोगी पानाचे रक्षण करते; उमटलेला डाग पुसत नाही.

कंद लिबलिबीत होऊन दुर्गंधी येत असेल, तर ती जिवाणूंमुळे झालेली कूज होय. कंदात शिरलेली अळी बहुधा तिला वाट करून देते. येथे बुरशीनाशक व्यर्थ. टणक गर लागेपर्यंत मऊ भाग खरवडून काढावा, जखम उन्हात सुकू द्यावी आणि चाकू प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसावा. (ही शस्त्रक्रिया करताना मला फार समाधान वाटते!) बुडाशी पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तांबूस दाणे दिसले, तर मात्र रोग पुन्हा बुरशीचा. आपल्याकडे भुईमुगाचे खोड कुजवणारी बुरशी याच जातकुळीतली. ते दाणे मातीत वर्षानुवर्षे तग धरतात, म्हणून रोप भोवतालच्या मातीसह उचलून टाकावे.

आता माझ्या व्यवसायाचे. आयरिसचा कंद थेट आल्यासारखा दिसतो, पण तो विषारी आहे. पोटात गेल्यास ओकाऱ्या, पोटदुखी, जुलाब होतात. रसाने त्वचेला खाज सुटते. हातमोजे घालावेत आणि काढलेले कंद स्वयंपाकघराच्या ओट्यावर कदापि ठेवू नयेत. उरलेले औषध शीतपेयाच्या बाटलीत भरू नये. नातवंडाने कंद चावलाच, तर तोंड धुवावे, मुद्दाम ओकारी काढू नये आणि अमेरिकेतील विषबाधा मदतसेवेला १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर तत्काळ विचारावे.