फावल्या वेळातले गेम : काही टिपणे

नोकरी सांभाळून गेम करणाऱ्याने इंजिन निवडण्यात महिने घालवू नयेत. सरळ गोडो घ्यावं. 2014पासून ते खुलं आहे. परवाना एमआयटीचा, त्यामुळे उद्या गेम विकला तरी इंजिनवाल्यांना वाटा द्यावा लागत नाही. फाइल उतरवली, उघडली की काम सुरू.

*

आधी उडी जमवा, बाकीचं नंतर. कॅरॅक्टरचा पाय कडेवरून सुटला आणि बटण क्षणभर उशिरा दाबलं गेलं, की खेळणारा ओरडतो, ‘अरे, मी दाबलं होतं!’ त्याचंच खरं मानायचं. पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारू द्यायची. ‘सेलेस्ट’ या गेममध्ये एवढीच सवलत आहे. तसंच, जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवायचं आणि टेकताक्षणी उडी द्यायची. दोन टायमर, थोड्याशा ओळींचा कोड. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, पण गेम हातात बसतो तो यामुळेच.

*

कॅरॅक्टर दर फ्रेमला 5 पिक्सेल सरकवलं, तर 60 फ्रेमच्या स्क्रीनवर सेकंदाला 300 होतात आणि 144 फ्रेमच्या स्क्रीनवर 720. म्हणून वेगाला डेल्टाने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, गुणायचं. गोडोतलं ‘मूव्ह अँड स्लाइड’ फंक्शन मात्र डेल्टा स्वतःच धरतं. तिथे पुन्हा गुणलं तर कॅरॅक्टर जेमतेम हलतं.

*

आवाजासाठी एसएफएक्सआर. टोमास पेटरसनने 2007 साली ‘लुडम डेअर’ स्पर्धेतल्या मंडळींसाठी केलेलं हे चिमुकलं साधन आजही तितकंच कामाचं आहे. जेएसएफएक्सआर ही त्याची आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते. ‘जंप’, ‘एक्स्प्लोजन’ अशी बटणं दाबत राहायचं, आवडला तो आवाज सेव्ह करायचा. तोच आवाज सारखा वाजणार असेल तर दर वेळी त्याची पट्टी थोडी वर-खाली करा, कान कंटाळत नाहीत.

*

गेम पुरा होत नसेल तर पिको-8 हा काल्पनिक कन्सोल वापरून बघा. 128 बाय 128 पिक्सेल, 16 रंग, संपलं. एवढ्यात पसारा वाढायला जागाच नसते. ‘सेलेस्ट’चं पहिलं रूप यातच चार दिवसांत झालं होतं. पिको विकत घ्यावं लागतं. फुकटात हवं असेल तर टिक-80 आहे.

*

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट पहिल्या दिवसापासून वापरा. गोडो 4मध्ये ‘.गोडो’ फोल्डर वगळायचं, ‘.इम्पोर्ट’ फाइली मात्र ठेवायच्या.

*

मराठीत गेम करायचाच. गोडो 3मध्ये जोडाक्षरं फुटायची. 2023मध्ये आलेल्या 4पासून ती नीट जुळतात. तरी एक जागा सांभाळावी लागते. संवाद एकेक अक्षर उमटत दाखवायचा असेल, तर ‘क्षितिज’ हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी सात खुणांचा आहे. आधी ‘क’ दिसतो, मग पाय मोडलेला ‘क्’, मग ‘क्ष’, आणि वेलांटी आली की अख्खं अक्षर बाजूला सरकतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो. म्हणून आधीच ‘क्षि’, ‘ति’, ‘ज’ असे तुकडे पाडून एकेक तुकडा दाखवायचा. ते जमत नसेल तर पूर्ण शब्द एकदम. ओळींमधलं अंतरही जरा जास्त ठेवा, नाहीतर वरचे उकार खालच्या मात्रांना भिडतात.

फॉन्ट प्रोजेक्टमध्येच घाला. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ चालेल, दोन्हींचा परवाना खुला आहे. आपल्या लॅपटॉपवर सिस्टीमचा फॉन्ट मदतीला येतो म्हणून सगळं ठीक वाटतं. तोच गेम ब्राउझरमध्ये गेला की मराठीच्या जागी नुसते चौकोन.

*

इच.आयओ या साइटवर गेम ब्राउझरमध्ये खेळता यावा असा ठेवा. डाउनलोड करायला सांगितलं की निम्मे मित्र ‘नंतर बघतो’ म्हणतात. एक्स्पोर्ट करताना मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स’ द्यायचं आणि झिपमध्ये ती सगळ्यात वरच्या पातळीवर असू द्यायची. घरी तपासताना फाइलवर डबल क्लिक करून गेम चालत नाही. पायथनसोबत येणारा छोटा वेब सर्व्हर त्यासाठी पुरतो.