लखोट्यातली आत्या

‘गोपनीय’ हा शब्द अध्यापकांना नवा नाही. परीक्षेच्या दिवशी लाखबंद पाकिटावर तो छापलेला असतो. आणि वर्षाअखेरीस वरिष्ठ आपल्याविषयी जे लिहितात, त्याचे तर नावच मुळी गोपनीय अहवाल. ज्याच्याविषयी लिहिले, त्याच्यापासूनच तो राखायचा, अशी रीत वर्षानुवर्षे होती. नोंद बरी असो वा वाईट, ती त्या कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २००८ साली देव दत्त यांच्या खटल्यात सांगावे लागले. ‘गुप्’ या धातूचा मूळ अर्थ राखणे, सांभाळणे. म्हणजे गोपनीय ते, जे सांभाळावे. मात्र ‘अनीय’ प्रत्यय लागला की कर्ता गळून पडतो. कोणी सांभाळावे, कोणासाठी, कोणापासून, हे त्या शब्दात उरत नाही. वर्गात हे रूप शिकवताना आम्ही येथवर येऊन थांबत असू. आता एका दिवाणी दाव्यात आम्ही प्रतिवादी आहोत, आणि तो गळालेला कर्ता नेमका कोण, या एका प्रश्नावर कित्येक तारखा गेल्या आहेत.

आम्ही म्हणजे दोघी बहिणी. दोघीही मराठीच्या अध्यापिका, दोन वेगळ्या गावी. दाव्याचा विषय आमच्या आत्याचे घर. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. १९८४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिला एका सरकारी मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. काही महिन्यांनी ती बाहेर आली, ती सासरी परत गेली नाही. पुन्हा शाळेत रुजू झाली, कर्ज काढून तीन खोल्यांचे घर बांधले आणि २०११ साली निवृत्त झाली. घटस्फोट मात्र कधीच झाला नाही. यजमान १९९७ साली वारले तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती त्यांची विधवा झाली. निवृत्तीच्याच वर्षी तिने मृत्युपत्र करून नोंदवले आणि घर आम्हा दोघींच्या नावे केले. २०२० साली ती गेली.

तिने मृत्युपत्र का केले असावे, हे आम्हांला वकिलांच्या खोलीत कळले. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या १५व्या कलमानुसार निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या मालमत्तेवर माहेरच्यांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क पोचतो. आईवडिलांकडून वारशाने आलेले तेवढे बापाच्या वारसांकडे परत जाते. स्वतः कमावलेले नाही. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक बाई होती: लग्नानंतर लगेच विधवा झालेली, सासरहून घालवून दिलेली, माहेरी शिकून नोकरीला लागलेली. तिची स्वकष्टाची पुंजी सासरच्या वारसांकडे गेली; नुसत्या सहानुभूतीवर कायदा ठरवता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. आत्या वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारी होती. हा निकाल तिच्या नजरेस पडला होता की नाही, ते आता कळणे नाही.

वादी आहेत आत्याच्या यजमानांचे पुतणे. त्यांचे म्हणणे सरळ आहे: बाई वेडी होती, सबब मृत्युपत्र रद्द. कायदा मात्र इतका सरळ नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, यातील ५९व्या कलमाच्या स्पष्टीकरणात असे आहे, की एरवी वेडसर असणारी व्यक्तीदेखील मन ठिकाणावर असलेल्या काळात मृत्युपत्र करू शकते. मग सत्तावीस वर्षांपूर्वीच्या काही महिन्यांना कितीसे वजन यावे? तरीही कागद हाती असला की बोलायला जोर येतो, हे पुतण्यांच्या वकिलांना ठाऊक होते. त्यांनी आधी दहा रुपयांचा मुद्रांक लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. व्यक्तिगत माहिती म्हणून तो नाकारला गेला. तेव्हा त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १६, नियम ६ अन्वये न्यायालयाकडून रुग्णालयाच्या अधीक्षकांवर समन्स काढवले: साक्षीला येऊ नका, फक्त कागद पाठवा.

रुग्णालयाची दोन पत्रे आली. पहिल्यात होते की अभिलेख गोपनीय असल्याने देता येत नाही. दुसऱ्यात होते की अभिलेख सापडत नाही. दोन्ही पत्रांवर सही एकाच अधिकाऱ्याची, आणि मधे अंतर तीन आठवड्यांचे. जी वस्तू सापडत नाही ती गोपनीय कशी, असे न्यायाधीशांनी विचारल्याचे सांगून आमच्या वकीलबाई बराच वेळ हसत होत्या. आम्हांला हसू आले नाही. ते कागद सापडूच नयेत असे आम्हांला मनातून वाटत होते.

पहिल्या पत्रात पुरावा कायद्याच्या १२४व्या कलमाचा आधार घेतलेला होता. आम्ही ते कलम काढून वाचले. सरकारी अधिकाऱ्याला कार्यालयीन विश्वासाने जे कळवले गेले, ते उघड केल्याने सार्वजनिक हिताला बाध येत असेल तर ते सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, असा त्याचा आशय. त्याआधीचे १२३वे कलम राज्यकारभाराच्या अप्रकाशित कागदांविषयी. या कलमांचा इतिहास मोठा आहे. इंदिरा गांधींच्या निवडणुकीविरुद्धच्या अर्जात राज नारायण यांनी पंतप्रधानांच्या संरक्षणाविषयीच्या सूचनांचे ‘ब्लू बुक’ मागितले, ते प्रकरण १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायाधीशांच्या नेमणुकांविषयीचा पत्रव्यवहार १९८१ साली एस. पी. गुप्ता खटल्यात उघड करायला लावला गेला. पण या साऱ्या वादांत राखायचे होते ते राज्याचे गुपित. रुग्णाचे गुपित त्या कलमांच्या खिजगणतीतही नाही. १८७२च्या कायद्याने नवरा-बायकोतले बोलणे झाकले, वकील-अशिलातले झाकले. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले झाकले नाही. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ते आलेले नाही. म्हणजे आत्या नवऱ्याशी चार भिंतींत जे बोलली असेल ते कायद्याने राखलेले, आणि त्याच्यामुळे डॉक्टरांपुढे जे बोलावे लागले असेल ते मोकळे. (आमचा दावा आधीचा असल्याने त्याला जुनाच पुरावा कायदा लागू आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.)

त्याच जुन्या कायद्याचे १६२वे कलम आम्हांला अधिक नेकीचे वाटले. ज्याला कागद आणण्याचे समन्स मिळाले, त्याने हरकत असली तरी कागद न्यायालयात आणायचाच. हरकत खरी की खोटी ते न्यायालय ठरवील. कार्यालयाने दार लावून ‘गोपनीय’ म्हणायचे नाही. दाराबाहेर यायचे, कागद हाती धरायचा आणि मग म्हणायचे. न्यायाधीशांनी तेच सांगितले, आणि अभिलेख सापडला.

येथे आमच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. आम्हीही स्वस्थ बसलो नव्हतो. आत्याने रुग्णालयातून आल्यावर सव्वीस-सत्तावीस वर्षे मुले शिकवली, हा आमचा मुख्य पुरावा, आणि तो होता पंचायत समितीच्या शिक्षण विभागात: सेवापुस्तक आणि शिल्लक राहिले असतील तेवढे गोपनीय अहवाल. कर्मचाऱ्याच्या सेवेचे असे कागद ही त्याची व्यक्तिगत बाब होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गिरीश देशपांडे यांच्या प्रकरणात ठरवल्यापासून माहितीच्या अधिकाराचा रस्ता जवळपास बंद. तेव्हा आम्हीही समन्सच काढले. वादी एका सरकारी कार्यालयातून आत्या ओढून आणत होते, आम्ही दुसऱ्या. त्यांची आत्या वेडी, आमची आत्या ‘अत्युत्कृष्ट’. दोहोंतली एकही तिने लिहिलेली नव्हती.

रुग्णालयाचे कागद उघडायचे का, यावर आम्हा दोघींचे एकमत झाले नाही. वकीलबाईंचे म्हणणे, ‘‘ताई, येऊ द्या की. घरी पाठवतानाचा शेरा आपल्याच बाजूचा निघेल.’’ एकीला ते पटत होते. दुसरीचे म्हणणे असे, की छत्तीस वर्षांत जी गोष्ट आत्याने भावालाही सांगितली नाही, ती तीन खोल्यांसाठी आपण मोकळी करणार का? घर गेले तर जाऊ दे. यावर पहिलीचे उत्तर होते की ते घर जाऊ नये म्हणूनच तर तिने मृत्युपत्र केले. ज्या घरातून तिला त्या दारी नेले, त्याच घराकडे ते परत द्यायचे? दिवाळीची सुट्टी या बोलण्यात गेली. मृताला खाजगीपणाचा हक्क उरत नाही, असे म्हणणारे निकाल आपल्याकडे आहेत, हेही त्याच सुमारास वाचले.

अखेर आम्ही न्यायालयात म्हणणे दिले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७, याच्या २३व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. सक्षम प्राधिकरणाच्या आदेशाने माहिती देता येते, हा त्यातला अपवाद; पण अपवाद गरजेपुरता असावा. तेव्हा कागद लखोट्यात यावेत, आधी न्यायाधीशांनी एकट्यांनी पाहावेत, मनःस्थितीशी संबंधित तेवढी पाने ठेवून बाकी परत करावीत. वाद्यांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी पुष्कळसे मान्य केले: एकेचाळीस पानांपैकी नऊ ठेवली, नकला फक्त दोन्ही वकिलांकडे, पक्षकारांनी वकिलांच्या खोलीतच वाचायच्या.

त्या नऊ पानांत काय आहे ते येथे लिहिणार नाही. जे कोणालाही पाहता येईल तेवढे सांगतो. १९८४ साली आपल्याकडे १९१२चा वेडेपणाविषयीचा कायदा चालू होता. तो १९९३ पर्यंत चालला. त्या कायद्यानुसार माणसाला आत ठेवण्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागे, शक्यतो नवऱ्याने किंवा बायकोने. जोडीला दोन वैद्यकीय दाखले आणि तपशिलाचा एक तक्ता. तक्त्यात रकाने असत. नाव, वय, विवाहित की कसे. पूर्वीचा व्यवसाय. हा पहिलाच झटका काय. संभाव्य कारण. इतरांना धोकादायक आहे काय. सारे प्रश्न त्या व्यक्तीविषयी, सारी उत्तरे इतरांची. ‘आपणांस काय वाटते’ असा रकाना त्या नमुन्यात नव्हता.

आम्हांपैकी एकीने ती नऊ पाने वाचली, दुसरीने वाचली नाहीत. वाचणारी वीस मिनिटांत बाहेर आली आणि त्या दिवशी आम्ही उसाचा रस पिऊन आपापल्या गाड्या पकडल्या. कोणी वाचली ते आम्ही घरीही सांगितलेले नाही.

एका पानाचे मात्र सांगतो, कारण ते वकीलबाईंनी दोघींनाही दाखवले आणि त्यावर आत्याचे स्वतःचे अक्षर आहे. घरी जाताना परत मिळालेल्या वस्तूंची ती पावती. साड्या दोन, चष्मा, रोख सात रुपये, शाईचे पेन. मूळ यादी कारकुनाच्या हातची, आणि त्यात ‘शाईचे पेन’ नाही. ते आत्याने खाली स्वतः लिहिले आहे, आणि मग सही. शाळामास्तरणीचे अक्षर, शिरोरेघ सरळ. मृत्युपत्रावरची सही हीच की वेगळी, असा मुद्दा वाद्यांनी अलीकडे काढला आहे. तेव्हा पुढल्या तारखेला हे पान हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवण्याचा अर्ज आम्ही देत आहोत. अर्जात वकीलबाईंनी ‘गोपनीय’ शब्द घातला होता. आम्ही तो तेवढ्या पानापुरता काढायला सांगितला.