तांब्याभर पाण्यातलं जळक

आमच्या घरात सकाळी पहिला प्रश्न चहाचा नसतो. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, देवघरातूनच विचारतात, "जळक आतेन?" जळक झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही, दुधाला हात लावायचा नाही. माझं माहेर बेळगावच्या शहापूरचं आणि मराठी. सासर चिक्कोडीकडचं, तिथं निम्मं बोलणं कानडीतून. लग्न होऊन आले तेव्हा "मडी" हा शब्द मी पहिल्यांदा शिकले आणि मग कळलं, की हे आपलंच सोवळं, फक्त जरा जास्त कडक.

अशा अव्वांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जाहीर केलं, "या वर्षी वारीला जायचं. पायी." घरात सगळे गप्प. अव्वांना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार. पायांची जाणीव थोडी कमी झालेली. चटका बसला तरी उशिरा कळतं. डॉक्टरांनी सांगितलं, "जा, पण अनवाणी नको. आणि रोज रात्री पाय दुसऱ्या कुणीतरी बघायचे." ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी. पण माझ्या मनात पायांपेक्षा वेगळीच धास्ती होती. राहुटीत न्हाणीघर नाही, आणि अव्वा जळकाशिवाय पाण्याचा घोटही घेत नाहीत. नऊ रात्री कशा जायच्या?

सगळी वाट आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणून ओळखीच्या एका दिंडीत आधी नावं नोंदवून आम्ही मिरजेहून रेल्वेनं लोणंदला उतरलो. तिथून पंढरपूरपर्यंत तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी असे मुक्काम. लोणंदला येण्याआधी माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालतात, मग पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. हे ऐकल्यावर अव्वा म्हणाल्या, "देवाचं जळक झालं. आता आमचं कुठं?"

आमचं होतं राहुटीच्या मागं. चौदा बायकांची एक राहुटी. सामान ट्रकमधून पुढं जायचं, संध्याकाळी आपण तळावर पोहोचेपर्यंत राहुट्या उभ्या असायच्या. पाणी टँकरचं. पहाटे तीनला उठून बादल्या घेऊन रांगेत उभं राहायचं. राहुटीच्या मागे दोन बायका जुनं लुगडं दोन टोकांना धरून उभ्या राहणार, तिसरी आत बसून अंघोळ करणार, मग पाळी बदलायची. उजेडाच्या आत सगळ्यांचं उरकायचं.

पहिल्या पहाटे अव्वा आडोशाला जायलाच तयार होईनात. परक्या बायकांनी लुगडं धरायचं आणि आपण आत बसायचं, हे त्यांना जड गेलं. शेवटी एक टोक मी धरलं आणि दुसरं कऱ्हाडकडच्या एका मावशींनी. या मावशींची ती अठरावी वारी. त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं आणि हळू आवाजात नामस्मरण सुरू केलं. अव्वांचा संकोच तिथंच गेला. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडं, मी धरते." मग पुढच्या सहा बायकांचं लुगडं त्यांनीच धरलं.

मावशींनीच आम्हाला तंबूतल्या अंघोळीचं शास्त्र शिकवलं. घरी आपण डोक्यावरून पाणी ओततो आणि निम्मं वाया घालवतो. इथं क्रम महत्त्वाचा. एक मोठा तांब्या आणि एक सुती पंचा. पंचा ओला करून पिळायचा, आधी तोंड, मान, कानामागची जागा, मग काखा, छातीखालची घडी, पोट, पाठ. पंचा पुन्हा खळबळून जांघा. पाय शेवटी, कारण सगळी माती तिथंच असते. साबण अगदी थोडा, कारण साबण लावायला पाणी लागत नाही, काढायला लागतं. अंगावर राहिलेल्या साबणानं चालताना घासून कातडी सोलते. जांघेत आणि काखेत घासत असेल तर निघण्यापूर्वी व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. केस दोन वेण्या घालून घट्ट बांधायचे, वर रुमाल. नऊ दिवसांत डोक्यावरून पाणी एकदाच, फलटणला किंवा माळशिरसला, ऊन असेल तेव्हा. ओल्या केसांनी राहुटीत झोपायचं नाही.

साबणाचं पाणी विहिरीजवळ किंवा कालव्यात सोडायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. या वाटेवर नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी शेतांना जातं. हजारो माणसांनी काठावर बसून साबण लावला तर मागच्यानं काय करायचं? बादली भरून लांब न्यावी, मातीत ओतावी.

कपड्यांचंही गणित असतं. एक साडी अंगावर, एक वाळत, एक पिशवीत कोरडी. कोरडी साडी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायची आणि तिला फक्त झोपताना हात लावायचा. दिवसाचे घामेजलेले कपडे अंगावर ठेवून झोपलं की खाज सुटते. अव्वा त्या कोरड्या साडीला "मडी सीरी" म्हणायला लागल्या. सोवळ्याचा हा अर्थ मला एकदम पटला.

वाचक मैत्रिणींनो, एक गोष्ट स्पष्टच लिहिते. शौचाला जावं लागू नये म्हणून वाटेत पाणीच न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या. गेल्या काही वर्षांत मुक्कामांवर फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या राहतात, त्यामुळे पूर्वीइतकी अडचण नाही. पण सवय मोडत नाही. पाणी कमी प्यायल्यानं लघवीची जळजळ होते आणि ताप भरतो. पाणी प्या, आणि जेवणाआधी साबणानं हात धुवा. नऊ दिवसांच्या अंघोळींपेक्षा हात धुण्यानं जास्त आजार टळतात.

आमच्या राहुटीत कॉलेजातली एक मुलगी आजीबरोबर आली होती. बरडच्या वाटेवर तिची पाळी आली. ती अव्वांकडं बघून गप्प कोपऱ्यात बसली. अव्वांचं कपाळावरचं कुंकू आणि करारी चेहरा बघून तिला काय वाटलं असेल ते मी समजले. घरी अव्वांनी माझ्यासाठी या दिवसांत वेगळी चटई ठेवली होती, हे मी विसरलेले नाही. पण त्या रात्री अव्वा उठल्या, लुगडं घेतलं आणि तिला म्हणाल्या, "चल गं, मी धरते. स्वच्छ हो, मग जेव." वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवायचे आणि सकाळी कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, हे त्या मुलीनंच मग आम्हाला सांगितलं. मी अव्वांना काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

बरडचीच ती रात्र. संध्याकाळी पाऊस झाला होता. तळाची काळी माती चिकट झाली आणि आमचा टँकर लांब रस्त्यावरच अडकला. चौघींत मिळून एक बादली आली. म्हणजे प्रत्येकीला जेमतेम तांब्याभर. अव्वा दिवसभर चिखलातून चालल्या होत्या, बूट ओले, मोजे ओले. त्यांना आधी तोंड-अंग पुसून घ्यायचं होतं, जप राहिला होता. मी म्हटलं, "अव्वा, आज पाय आधी."

"पाय शेवटी, असं मावशींनी सांगितलंय."

"पाणी असेल तर शेवटी. आज पाणी नाही."

त्या रागावल्या. पण पाय पुढं केले. मी मोजे काढले, पाय धुतले आणि टॉर्च लावून बोटं एकेक वेगळी करून पाहिली. डाव्या पायाच्या करंगळीपाशी कातडी पांढरी, भिजून फुगलेली. चिखल्या. आणि त्यांच्या मधोमध एक भेग, तिच्यातून थोडं रक्त. मी विचारलं, दुखतंय का? त्या म्हणाल्या, "कुठं?"

दुखत नव्हतं, हीच भीती होती. साखरेच्या माणसाच्या पायाची छोटी जखम न कळता चिघळते आणि मग बोटावर, कधी पायावर बेतते. आमच्या शेजारच्या एका काकांचा अंगठा असाच गेला होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पहाटेच वैद्यकीय मदत केंद्र गाठलं. डॉक्टरीणबाईंनी जखम धुऊन पट्टी बांधली आणि सांगितलं, "पाय कोरडा हवा. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या मऊ कापडानं टिपायच्या, चोळायच्या नाहीत. टाचेला तेल चालेल, बेचक्यांत तेल किंवा मलम नको. आणि दोन दिवस चालणं बंद." आमसुलाचं तेल मी गोव्याहून मुद्दाम मागवलं होतं आणि रोज भक्तिभावानं बेचक्यांतसुद्धा चोळत होते. ओल त्यानंच धरून ठेवली असणार. चूक माझी होती, आणि मी अव्वांना तसं सांगितलं.

अव्वा नातेपुत्याला सामानाच्या ट्रकमधून गेल्या. वर चढताना डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी पुरंदावड्याला गोल रिंगण होतं, तिथं त्यांना गाडीनं नेलं. माउलींचे अश्व आपल्या चिक्कोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात, हे अव्वांना माहेरापासून ठाऊक. एक अश्व स्वाराचा, दुसऱ्यावर स्वार नाही, तो माउलींचा. अश्व धावून गेले तशी माणसं टापांखालची माती उचलायला पळाली. मी चिमूटभर आणली. रोज रात्री माती धुऊन काढणाऱ्या अव्वांनी ती कपाळाला लावली आणि दिवसभर पुसली नाही. म्हणाल्या, "ही आपल्या गावाकडची."

वेळापूरपासून त्या थोडं थोडं चालल्या. जखम वाढली नाही, पण पुरती भरलीही नाही. वाखरीला पट्टी बदलताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, नदीत पाय घालू नका. मी अव्वांकडं बघितलं. त्या चंद्रभागेच्या स्नानासाठी आल्या होत्या. साठ वर्षं मनात धरलेली गोष्ट. पण आषाढीला त्या एका पात्रात लाखो माणसं उतरतात. उघड्या जखमेला ते पाणी नको, हे मला कळत होतं. त्यांना कसं सांगावं, ते कळत नव्हतं.

वाळवंटात पोहोचलो. गर्दी एवढी, की हात सुटला तर माणूस सापडायचं नाही. अव्वा पाण्यापासून चार पावलांवर थांबल्या. मला म्हणाल्या, "तू जा आत. तांब्या भरून आण."

मी आणला. त्यांनी पट्टीचा पाय मागं एका पिशवीवर ठेवला, पदर सावरला आणि मान पुढं वाकवली. मी तांब्याचं पाणी हळूहळू त्यांच्या डोक्यावर घातलं. पाणी केसांतून वाळूत गेलं, पायावर थेंबही पडू दिला नाही. मी विचारलं, आणखी एक आणू?

"साक, यव्वा," त्या म्हणाल्या. "साक."

घरी परत आल्यावर पंधरा दिवसांत जखम भरली. सकाळी अजूनही देवघरातून हाक येते, "जळक आतेन?" फक्त आता रोज रात्री जेवण झालं की अव्वा खुर्चीत बसतात, न सांगता पाय पुढं करतात, आणि मी टॉर्च लावते.