ओटीवर सही कोणाची?

भोसरी एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने हजेरी आणि पाळ्यांसाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते बसवणाऱ्या गटात मीही होतो. पहिल्याच बैठकीत एचआरने पदांचा तक्ता पुढे ठेवला. वर प्लांट हेड, खाली मॅनेजर, त्याखाली सुपरवायझर. हाच सिस्टीममध्ये चढवला की झालं, असा एकूण सूर.

टाइम ऑफिसमधल्या जुन्या लिपिकाने तक्ता न्याहाळला आणि कपाटातून स्वतःची वही काढली. प्रेस शॉपमधून आज वेल्डिंगला कोण गेलं, त्याचा ओटी (ओव्हरटाइम) कोणत्या खात्यावर टाकायचा, हे तिथे पेन्सिलीने टिपलेलं होतं. अशा हातउसन्या माणसांचं काय करायचं? ओटीवर सही कोणाची?

प्रश्न पैशांचा होता. कारखाना अधिनियम 1948 नुसार दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यावे लागत.

कंत्राटी कामगारांचं त्रांगडं आणखी वेगळं. पाळी लावणार कारखान्याचा सुपरवायझर, पगार देणार कंत्राटदार. आणि त्याने पगार थकवला तर 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने तो मूळ मालकाच्या गळ्यात पडायचा. त्यांना तक्त्याबाहेर ठेवणं परवडणारं नव्हतं आणि कायम कामगारांत मिसळणंही.

मग पदांची उतरंड बाजूला ठेवली आणि प्रत्येक नावापुढे वेगवेगळे रकाने आखले: पगार कोणाकडून, मूळ विभाग कोणता, आज काम कुठे, मंजुरी कोणाची. हातउसन्याची रजा त्याचा मूळ सुपरवायझर मंजूर करणार, ओटी मात्र ज्याने काम करून घेतलं तो. मंजुरी देणाराच रजेवर असला तर त्याचा बदली माणूसही आधीच नेमलेला.

सॉफ्टवेअर रविवारची सुट्टी धरून आलं होतं. इथे सुट्टी गुरुवारी. रात्रपाळीने तर गोंधळच घातला. अकराला आत आलेला माणूस सकाळी सातला बाहेर पडला की त्याची हजेरी दोन तारखांत फाटायची. अधिनियमात मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरलेले होते, सिस्टीमलाही तेच शिकवलं.

सिस्टीम एकेका विभागात सुरू करताना पहिल्यांदा स्टोअर घेतलं, कारण तिथली माणसं सहसा हलत नसत. प्रेस शॉपच्या सुपरवायझरांनी मात्र अट घातली: मंजुरीची सोय मोबाइलवर हवी. दुसऱ्या पाळीला ऑफिसला कुलूप असायचं. ती सोय झाल्यावरच त्यांच्या विभागाचा नंबर लागला.