खोक्यावरचं पाणी वगळा

केक मिक्सच्या अमेरिकी खोक्यावर साधारण तीन गोष्टी घालायला सांगितलेल्या असतात: एक कप पाणी, अर्धा कप तेल, तीन अंडी. त्याच खोक्यातून दालचिनीच्या कुकीज हव्या असतील तर पाणी अजिबात घालायचं नाही, तेल तेवढंच ठेवायचं आणि अंडी दोन घ्यायची. पिठाचे छोटे गोळे करून दालचिनी-साखरेत घोळवायचे, १७५ अंश सेल्सिअसला दहाएक मिनिटं भाजायचे. पाककृती संपली. इथल्या मराठी घरांत दिवाळीच्या ताटात चकलीच्या शेजारी या कुकीज मी कितीदा तरी पाहिल्या आहेत, आणि करणारी जरा ओशाळून सांगते, "खोक्यातल्याच आहेत हो." आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्याचा तो संकोच. मला तो पटत नाही. माटुंग्याच्या यूडीसीटीत अन्नतंत्रज्ञान आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठात धान्यविज्ञान शिकून मी मिनीॲपोलिसमध्ये अशीच आयती पिठं जुळवते. त्या पिठात किती काम आधीच झालेलं असतं, ते मला ठाऊक आहे.

या धंद्याची सुरुवात केकमुळे झाली नाही, काकवीमुळे झाली. पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या कंपनीकडे उसाची काकवी पडून होती. जॉन डफ यांनी ती पिठाबरोबर सुकवून तिची भुकटी केली, त्यात साखर, अंड्याची भुकटी, सुंठ आणि दालचिनी मिसळली आणि १९३३ साली जिंजरब्रेडच्या या मिश्रणाचं पेटंट मिळवलं. गृहिणीने फक्त पाणी घालायचं. म्हणजे दालचिनी या व्यवसायात पहिल्या दिवसापासून आहे. दोन वर्षांनी डफ यांनी आणखी एक पेटंट घेतलं. त्यात अंड्याची भुकटी काढून ताजी अंडी घालायला सांगितली होती, कारण लोकांना तीच आवडतात असं त्यांचं निरीक्षण होतं. एक लोकप्रिय गोष्ट सांगतात की १९५०च्या दशकात अर्न्स्ट डिश्टर या मानसशास्त्रज्ञाने "बायकांना अपराधी वाटू नये म्हणून अंडं त्यांना फोडू द्या" असा सल्ला दिला आणि मिक्सचा खप वाढला. गोष्ट चटकदार आहे, पण ताज्या अंड्याचा विचार त्याच्या कितीतरी आधीचा. शिवाय खरं कारण साधं आहे: ताज्या अंड्याचा केक चवीला आणि पोताला सरस होतो.

आता खोक्यात काय असतं ते बघू. अनेक खोक्यांवर घटकांच्या यादीत साखर मैद्याच्याही आधी येते. मैद्याच्या वजनापेक्षा जास्त साखर सांभाळायची तर मैदा साधा चालत नाही. अमेरिकेत केकच्या मैद्याला क्लोरीन वायू देतात. त्याने पिठातला स्टार्च जास्त पाणी, साखर आणि स्निग्धांश धरून ठेवतो. युरोपीय संघात हे चालत नाही, तिथे त्यासाठी मैद्याला कोरडी उष्णता देतात. फुगवण्यासाठी खाण्याचा सोडा आणि त्याच्याशी झुंजणारी दोन आम्लं असतात. मोनोकॅल्शियम फॉस्फेट ओलं होताच कामाला लागतं, सोडियम ॲल्युमिनियम फॉस्फेट मात्र ओव्हनची धग लागेपर्यंत स्वस्थ बसतं. शिवाय हवा धरून ठेवणारे इमल्सिफायर. हे सगळं ओल्या, पळीवाढ्या मिश्रणाच्या हिशेबाने रचलेलं असतं.

कुकीत आपण नेमकं तेच पाणी काढून घेतो. दोन अंड्यांतून जेमतेम ७५ ग्रॅम पाणी येतं, आणि त्यावर पहिला हक्क साखर सांगते. स्टार्चला फुलायला पाणी उरत नाही, म्हणून जाळीदार, मऊ स्पंज तयार होत नाही. सोडा मात्र केकच्या हिशेबाचा, म्हणजे कुकीला अंमळ जास्तच. त्यामुळे गोळा ओव्हनमध्ये आधी टम्म फुगतो, मग बसतो. बाहेर लावलेली साखर पृष्ठभागातलं पाणी ओढून घेते, वरचा थर आतला भाग घट्ट होण्याआधीच सुकतो आणि खालून फुगणाऱ्या पिठाने तडकतो. दालचिनीच्या कुकीवरच्या भेगा त्या अशा. क्लोरीनच्या मैद्यामुळे ही कुकी फार पसरत नाही, घुमटासारखी राहते. ती कधी कुरकुरीत होणार नाही, चिवट तर नाहीच. कुरकुरीत हवी असेल तर नानकटाई करा, तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच.

पीठ फ्रिजमध्ये ठेवा असं सगळ्या पाककृती सांगतात. लोणी घातलं असेल तर ते आवश्यकच. तेल घातलं असेल तर ते थंडीने घट्ट होत नाही. अर्ध्या तासाने मैदा ओलावा शोषतो आणि गोळे हाताला कमी चिकटतात, फायदा तेवढाच.

घोळ होतो तो खोक्याच्या वजनात. जुन्या पाककृती ५१७ ग्रॅमच्या खोक्यासाठी लिहिलेल्या आहेत. पुढे बरीचशी खोकी ४३२ ग्रॅमची झाली आणि आता काही ३७५ ग्रॅमची. "एक खोकं, दोन अंडी, अर्धा कप तेल" ही ओळ मात्र आईकडून मुलीकडे तशीच जाते. मग पीठ सैल होतं, कुकीज एकमेकींत मिसळतात आणि दोष ओव्हनला जातो. उपाय सोपा: ५१७ला कमी पडतील तेवढे ग्रॅम साधा मैदा घाला. ४३२चं खोकं असेल तर ८५ ग्रॅम. किंवा लहान खोक्याला एक अंडं आणि एक बलक घ्या, तेल पाऊण करा. काटा वापरा, कपाच्या भरवशावर राहू नका.

पैसे खर्च करायचे तर दालचिनीवर करा. अमेरिकेत ज्याला दालचिनी म्हणतात ती बहुतेक इंडोनेशियातली कॅशिया. आपल्या किराणा दुकानातली जाड, कडक सालही बहुधा कॅशियाच. खरी दालचिनी श्रीलंकेची, पातळ सालींचे थर एकात एक गुंडाळलेली; कोकणात नारळाच्या बागांतून जी लावतात तीही याच जातीची, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिचं 'कोकण तेज' हे वाण काढलं आहे. कुकीसाठी मी तरीही कॅशियाच घेते. तिच्यात सिनामाल्डिहाइडचा ठसका जास्त असतो आणि साखरेच्या गर्दीत तो ऐकू येतो. श्रीलंकेच्या सालीचा नाजूकपणा इथे वाया जातो.

पण कॅशियात कूमारिन असतं, आणि ते जास्त गेलं तर यकृताला बरं नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. कॅशियाच्या पुडीत किलोला सुमारे ३ ग्रॅम कूमारिन असतं असं जर्मनीतल्या तपासण्यांत दिसलं. दोन चमचे, म्हणजे पाच ग्रॅम पूड तीस कुकीजना लावली तर एकीच्या वाट्याला अर्धा मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला नगण्य. पंधरा किलोच्या पोराने रोज तीन खाल्ल्या तर मर्यादा गाठली. सणाच्या चार दिवसांत काही बिघडत नाही. रोज सकाळी काढ्यात चमचाभर टाकणाऱ्यांनी मात्र श्रीलंकेची किंवा कोकणातली घ्यावी.

पुण्याहून भाचीचा फोन आला होता. "मावशी, माझ्या पाकिटावर लिहिलंय अंडं घालूच नका. मग कुकीज कशा?" भारतातली बरीच मिक्स बिनअंड्याची असतात, आकारानेही लहान. अंड्याशिवाय केक उभा राहावा अशी त्यांची जुळणी असते. त्यात अंडं घातलं तर रबरासारखं होतं. तिला सांगितलं, अडीचशे ग्रॅम मिक्सला सत्तर ग्रॅम मऊ लोणी आणि दोन मोठे चमचे दूध घे, दूध चमच्याचमच्याने घाल आणि गोळा धरला की थांब. कडा सोनेरी दिसायच्या आत बाहेर काढ, ट्रेवर पाच मिनिटं तशाच राहू देत, नाहीतर उचलताना मोडतील.

"आणि कच्चं पीठ चाखलं तर? अंडं नाहीये त्यात."

नको. मैदा हे कच्चं धान्य आहे. २०२१ साली अमेरिकेत केक मिक्समधल्या ई. कोलाय जंतूंनी लोक आजारी पडले होते. भाजून झाल्यावर चाख, दहाच मिनिटांचा प्रश्न आहे.